पावतीची पावती

नोटीस बेकरीच्या दाराला नव्हे, तर पावाच्या गाडीच्या मागच्या फळीला चिकटवलेली होती, आणि चिकटवणाऱ्याने डिंकाची अजिबात काटकसर केली नव्हती. काकूंनी ती नखाने खरवडली तेव्हा वरचा अर्धा कागद हातात आला आणि खालचा अर्धा फळीवरच राहिला. वरचा त्यांनी दिव्याखाली धरून वाचला. खालचा वाचायला त्यांना अंगणात गुडघे टेकून बसावं लागलं.

शहराच्या हद्दीत ओझ्याच्या कामाला असलेल्या प्रत्येक जनावराच्या मालकाने पंधरा दिवसांच्या आत मालकीचा पुरावा दाखवून जनावराची नोंद करून घ्यावी, असं वरच्या भागात होतं. खालच्या भागात होतं की तसं न केल्यास सदर जनावर बेवारस समजून शहराबाहेरच्या कोंडवाड्यात नेण्यात येईल आणि प्रथम मागणी करणाऱ्यास देऊन टाकण्यात येईल.

काका हाताचं पीठ झटकत बाहेर आले. "काय म्हणतायत?"

"बेवारस म्हणतायत."

"कुणाला?"

"पावतीला."

काकांचे डोळे चमकले. दोन वर्षं ते शर्टाच्या खिशात बॅटरीवर चालणाऱ्या व्हॅनचं चित्र घेऊन हिंडत होते. "मी म्हणतच होतो, आता काळ बदललाय. एक लहानशी व्हॅन घेतली की..."

काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. भट्टीतले पाव फुगावेत असा ताव त्या नजरेत होता. काका मात्र त्याने खाली बसले.

पावती म्हणजे त्यांची घोडी. पाववाल्यांची म्हणून पावती, असं गिऱ्हाइकं समजत, आणि काकू त्यांना समजू देत. खरी गोष्ट याहून साधी होती. नऊ वर्षांपूर्वी शहराबाहेरची घोडेस्वारीची शाळा बंद पडली तेव्हा तिथल्या मास्तरांकडून काकूंनी ही घोडी विकत घेतली. निघताना मास्तरांनी एक चिठ्ठी हातात ठेवली. चिठ्ठीच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा ओढून, लिहिलं होतं: पावती. त्याखाली, 'घोडी एक. तपकिरी. वय पाच. स्वभाव चांगला. आजपासून या बाईंची.' आणि सही. काकूंनी घरी येऊन चिठ्ठी वाचली, घोडीच्या मानेवर थोपटलं आणि म्हणाल्या, "ये गं, पावती." काकांना तेव्हाच शंका आली होती, पण शंका गिळायची त्यांना सवय होती.

तेव्हापासून काकूंचा दिवस तबेल्यात सुरू होत असे. पहिला घाणा भट्टीत गेला की त्या तशाच उठून जात, घोडीच्या कपाळावर हात ठेवत आणि दिवसभरात कुणालाही सांगणार नाहीत ते तिला सांगत. मुलगी परदेशी गेली ते दुःख काकूंनी आधी तिथेच सांगितलं होतं. काकांनी बिस्किटं करपवली की तेही तिथेच सांगत. त्या घोडीला कुणीतरी बेवारस म्हणावं हे त्यांना एखाद्याने तोंडावर शिवी द्यावी तसं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी संपवून त्या गाडी कचेरीच्या आवारात लावून, घोडी सोडून, खांबाला बांधून खिडकीपाशी उभ्या राहिल्या. खिडकीमागे एक बारीक अंगाचे कारकून होते. त्यांचं कुणाशी वैर नव्हतं की मैत्री नव्हती. त्यांना फक्त रकाने भरलेले बघायचे असत.

"मालकीचा पुरावा?"

"म्हणजे काय लागतं?"

"पावती आहे ना?"

काकूंना बरं वाटलं. एवढ्या मोठ्या कचेरीत आपल्या घोडीचं नाव माहीत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "आहे की!"

"किती जुनी आहे?"

"चौदा वर्षांची."

"चौदा? मग फिकट झाली असेल."

"छे हो. उन्हाळ्यात होते थोडी. थंडीत पुन्हा गडद होते."

कारकुनांनी चष्मा सारखा केला. "फाटलीबिटली नाही ना?"

"मागं एकदा कान फाटला होता, तारेत अडकून. टाके घालून घेतले."

"टाके?" कारकून विचारात पडले. "असू दे. चिकटपट्टीनं डाग पडतात. सोबत आणलीय?"

"बाहेर खांबाला बांधलीय."

"बाई, पावती अशी बाहेर ठेवायची नसते. वाऱ्यानं उडून जाईल. आत आणा, शिक्का मारायचाय मला तिच्यावर."

काकूंचा आवाज बदलला. "अंगावर?"

"कोपऱ्यात. लहानसा."

"दुखणार नाही ना तिला?"

इथे कारकुनांना काहीतरी चुकतंय असं वाटलं खरं, पण मागे रांग वाढत चालली होती आणि पुढचा माणूस खोकत होता. "आणा तर आधी," ते म्हणाले.

काकूंनी आणली. दाराचं एकच झाप उघडं होतं, दुसरंही उघडावं लागलं. घोडी फरशीवरून टकटक करत आली, रांगेतली माणसं भिंतीला चिकटली, आणि खिडकीच्या चौकटीत एकदम एक लांब तपकिरी तोंड येऊन थांबलं. कारकून खुर्चीवरून उठून कपाटाला टेकले.

"हे काय आहे?"

"पावती."

"अहो बाई, मला कागद पाहिजे! कागद!"

"मग तसं सांगायचं," असं म्हणून काकूंनी पिशवीतून पत्र्याचा एक जुना डबा काढला. बडीशेपेचा होता. त्यातून त्यांनी मास्तरांची चिठ्ठी काढून खिडकीतून आत सरकवली.

कारकुनांनी ती वाचली. मग घोडीकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि त्यांना सगळा उलगडा झाला. "बाई," ते शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाले, "हा वरचा मथळा आहे. हा कागद पावती आहे. घोडी पावती नाही."

रांगेत कुणीतरी हसलं. काकूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नऊ वर्षं आपण भर रस्त्यात, चारचौघांत, मोठ्याने ही हाक मारतोय हे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. मग त्यांनी हनुवटी वर केली.

"हाक मारली की येते ती."

"येत असेल हो. कागद येत नाही, एवढाच फरक. असो. चिठ्ठी चांगली आहे. बारा नंबरच्या खोलीत जाऊन साक्षांकित करून आणा, मी शिक्का मारतो, तुम्ही मोकळ्या. आणि आधी हिला बाहेर न्या."

आता यापुढे जे घडलं त्यात दोष कुणाचाच नव्हता. काकूंच्या उजव्या हातात लगाम होता, म्हणून चिठ्ठी डाव्या हातात राहिली. चिठ्ठी नऊ वर्षं बडीशेपेच्या डब्यात होती, म्हणून तिला बडीशेपेचा वास येत होता. आणि पायरी उतरताना काकू जरा थांबल्या, म्हणून घोडीचं तोंड त्यांच्या डाव्या खांद्याशी आलं. दोनच घास. सहीची बाजू आधी गेली.

काकू पुन्हा खिडकीशी आल्या तेव्हा कारकुनांनी शाईच्या डबीत शिक्का बुडवून तयार ठेवला होता. "झाली साक्षांकित? द्या पावती."

"खाल्ली."

"कुणी?"

"पावतीनं."

कारकुनांनी शिक्का खाली ठेवला. "बाई, मला हे अर्जावर लिहावं लागेल. काय लिहू?"

"पावतीनं पावती खाल्ली."

"हे वाचलं तर साहेब मला सक्तीच्या रजेवर पाठवतील."

"पण तुम्ही बघितलीत ना ती? आत्ता, तुमच्या हातात होती!"

"मी बघितली. कचेरीनं बघितली नाही. शिक्का बसला की कचेरीनं बघितली असं होतं." त्यांनी खरोखरच हळहळून मान हलवली. "इथंच तर घोडं पेंड खातंय."

"पेंड खात नाही ती," काकू म्हणाल्या. "पोट दुखतं तिचं."

कारकुनांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा काकू तिथेच होत्या. मागची रांग चुळबुळ करत होती, खोकणारा आता शिंकत होता, पण काकू खिडकीच्या कठड्यावर दोन्ही कोपरं रोवून उभ्या होत्या. शेवटी कारकुनांनीच वाट सुचवली. अश्ववंश नोंदणी मंडळ म्हणून एक कार्यालय आहे. जातिवंत घोड्यांची जन्मापासून नोंद तिथल्या वहीत असते आणि मालक कोण तेही लिहिलेलं असतं. त्या वहीचा उतारा आणला तर चिठ्ठीची गरज नाही.

"पण घोडी जातिवंत पाहिजे. आहे का?"

काकूंनी दारातून बाहेर पाहिलं. घोडी सूचनाफलकावरचा डिंक चाटत होती.

"आहे," काकू म्हणाल्या. त्यांना याबद्दल काडीचीही माहिती नव्हती.

नोंदणी मंडळ म्हणजे जनावरांच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्या होत्या. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई बसत, आणि त्यांच्या टेबलावर उशीएवढी जाड वही होती. काकूंनी अर्ज भरला. रंग, तपकिरी. वय, चौदा. खुणा, कपाळावर पांढरी चांदणी, ठसठशीत. नाव मात्र त्यांनी 'पावती' असंच लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी वहीत बोट फिरवलं. "या नावाची घोडीच नाही, काकू. खरं नाव काय हिचं?"

"हेच खरं आहे. वहीत दुसरं असेल."

"मग खुणेवरून बघू. तपकिरी, चांदणी असलेल्या... तीन आहेत. दोन गेल्या. तिसरी या वयाची आहे! चला, माप घेऊ चांदणीचं. बोटाएवढा फरकही चालत नाही यात."

त्या बेकरीवर आल्या. घोडीला अंगणात उभं केलं. डॉक्टरीणबाईंनी फूटपट्टी काढली, आणि कडा नीट दिसाव्यात म्हणून ओल्या फडक्याने घोडीचं कपाळ पुसलं. चांदणी गेली.

त्यांनी फडकं बघितलं. पुन्हा कपाळ बघितलं, तिथे आता स्वच्छ, सलग तपकिरी रंग होता. त्यांनी फडक्याचा वास घेतला. "काकू, हा मैदा आहे."

काकूंनी आपला उजवा हात वर करून पाहिला. मनगटापर्यंत पांढरा होता. रोज पहाटे, पहिला घाणा भट्टीत टाकून तशाच उठायच्या त्या. रोज एकाच जागी हात ठेवायच्या.

"किती वर्षं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नऊ."

"म्हणजे अर्जातली खूण खोटी आहे."

"खोटी कशी? रोजची ताजी आहे!" काकू म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजातला जोर गेला होता.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी हसू दाबलं आणि अडचण सांगितली. चांदणी नसलेल्या तपकिरी घोड्या वहीत अकरा होत्या. त्यातली ही कुठली ते नाव कळल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. अर्ज दुरुस्त करावा लागणार होता, आणि खोटी खूण लिहिल्याचा खुलासा वेगळा द्यावा लागणार होता. मंडळात पाळी यायलाच आठवडा गेला होता, आणि नोटिशीचे आता चार दिवस उरले होते.

त्या गेल्यावर काकू तबेल्यात जाऊन पेंढ्यावर बसल्या. घोडीने वाकून त्यांच्या केसांतलं काहीतरी शोधलं.

"माझी आहेस ते मला माहितीय," काकू तिला म्हणाल्या. "तुलाही माहितीय. पण आपल्या दोघींची सही कुठं चालत नाही बघ." आणि मग, कुणी बघत नव्हतं म्हणून, त्या रडल्या.

बघत नव्हतं असं नाही. काका दारात उभे होते. ते "अगं, सोड आता" म्हणायला आले होते. व्हॅनचं चित्र खिशातून निम्मं बाहेरही आलं होतं. त्यांनी ते पुन्हा आत सारलं, मागे फिरले, आणि जरा वेळाने बूट घालूनच परत आले.

"मास्तर लेकीकडे असतात. उजवीकडच्या पुलापलीकडं, चौथा मजला," ते म्हणाले. "उठ. आणि हिलाही घे. म्हाताऱ्या माणसाला तोंडी वर्णन सांगून काही कळायचं नाही."

डॉक्टरीणबाईंनाही वाटेत दवाखान्यातून उचललं. त्या वही घेऊन आल्या. इमारतीखाली पोहोचल्यावर कळलं की मास्तरांचे गुडघे गेलेत आणि वर्षभर ते खाली उतरलेले नाहीत. काकूंनी लिफ्टची लांबीरुंदी हाताने मोजून पाहिली, हे इथे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. घोडी फक्त मानेपर्यंत मावत होती. शेवटी मास्तरांच्या लेकीने त्यांची खुर्ची गॅलरीत आणून ठेवली आणि काकू खालून ओरडल्या.

"मास्तर! हिचं नाव काय होतं?"

"आं?"

"नाव! घोडीचं!"

"कोण तुम्ही?"

"पाववाल्या! तुमच्याकडून नेलेली ना आम्ही!"

"आज नकोत पाव! कालचेच आहेत!"

एव्हाना चारही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी चार पाव मागितलेही. काका जिना चढून वर गेले, मास्तरांच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी सगळं समजावलं, आणि कठड्यावरून खाली वाकून निरोप दिला. "नुसतं बघून कळत नाही म्हणतात. चालव तिला!"

काकूंनी घोडी चालवली. आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वळवून परत. मास्तर हातावर हनुवटी टेकून बघत होते. तिसऱ्या फेरीला त्यांनी कठडा धरला, लेक "बाबा, बाबा" करत असताना खुर्चीतून उठले आणि वर्षभरात पहिल्यांदा आपल्या पायांवर उभे राहिले.

"विद्युल्लता," ते म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की काकांना ते खाली ओरडून सांगावं लागलं. "वळताना डावा पाय आधी टाकते. सहा महिने खपलो मी तिची ती खोड मोडायला. आयाळ उचला म्हणावं. डाव्या बाजूला दोन भोवरे आहेत केसांचे, एकमेकांना खेटून."

डॉक्टरीणबाईंनी आयाळ उचलली. थोडा मैदा उडाला. खाली दोन भोवरे होते, एकमेकांना खेटून. त्यांनी तिथेच घोडीच्या पाठीवर वही उघडली. विद्युल्लता. तपकिरी. तोंडावर खूण नाही. मानेस डावीकडे जोडभोवरा. वंश शुद्ध. मालकाच्या रकान्यात अजून मास्तरांचंच नाव होतं. त्यांनी फक्त हस्तांतराच्या कागदावर सही करायची होती.

काका कागद घेऊन पुन्हा वर गेले. सही करताकरता मास्तरांनी विचारलं, "आता काय म्हणता तिला?"

"पावती."

"काय?"

"पावती!"

"हे कसलं नाव? कुणी ठेवलं?"

काकांनी कठड्यावरून खाली पाहिलं. काकू जोरजोरात मान हलवून नको नको म्हणत होत्या. "प्रेमानं ठेवलंय," काका म्हणाले.

मास्तरांनी पेन खाली ठेवलं, कठड्यावर झुकले आणि जुन्या, मैदानावरच्या आवाजात हाक मारली. "विद्युल्लता!"

छपरावरची कबुतरं उडाली. घोडी मात्र जमिनीवरचा एक कागदाचा कपटा हुंगत होती, तिने कानही हलवला नाही.  काकूंनी कुणाला दिसणार नाही असा लगामाला हलका हिसका दिला. घोडीचं तोंड वर झालं, आणि ती चौथ्या मजल्याकडे बघायला लागली.

"बघ!" मास्तर लेकीला म्हणाले. "ओळखलं तिनं." आणि त्यांनी सही पूर्ण केली.

पंधराव्या दिवशी, कचेरी उघडायच्या आधी, काकू खिडकीसमोर उभ्या होत्या. सोबत काका होते. घोडी त्यांनी लांबच्या खांबाला बांधली होती, आणि कागद तीन पिशव्यांत घालून, पिशव्या एकीत एक ठेवून आणले होते. कारकुनांनी उतारा वाचला, हस्तांतर वाचलं, मैद्याचा खुलासा दोनदा वाचला. मग त्यांनी शिक्का उचलला आणि दाणकन उमटवला.

"मालकी सिद्ध. वंश शुद्ध. अभिनंदन, बाई. आता या घोडीला तुमच्याकडून कोणी नेऊ शकत नाही."

 काकूंनी काकांचा हात धरला, जो त्यांनी चारचौघांत पूर्वी कधी धरला नव्हता.

"अर्थात," कारकून पुढचं पान उलटत म्हणाले, "जातिवंत नोंदीची असल्यामुळे आता तिला गाडीला जुंपता येणार नाही. कलम नऊ."

"म्हणजे?"

"ओझ्याच्या कामाला फक्त साध्या घोड्यांना परवानगी आहे. कुठली जातिवंत जनावरं गाड्या ओढतायत ते शोधायलाच तर ही नोंदणी काढली. चिठ्ठीवर भागलं असतं तर मी साधी म्हणून लिहिलं असतं. आता वहीतच आहे म्हटल्यावर माझा इलाज नाही."

"पण ती माझ्याकडेच राहील ना?"

"राहील की. आयुष्यभर. नुसती."

काकूंनी क्षणभरच विचार केला. "मग झालं तर," त्या म्हणाल्या. काकांनी त्याच दुपारी जाऊन व्हॅनची नोंदणी केली. व्हॅन यायला तीन महिने लागतील असं तिथल्या माणसाने सांगितलं. पाव मात्र रोजच लागत होते.

पुढच्या सोमवारी सकाळी पावाची गाडी नेहमीच्या वेळेला रस्त्यावर आली. पुढे घोडी चालत होती, मोकळी, अंगावर एक दोरीसुद्धा नाही. आपली गिऱ्हाइकं कुठं कुठं राहतात ते तिला पाठ होतं, त्यामुळे ती बरोबर त्या त्या दाराशी थांबे आणि सगळ्यांनी पाव घेईपर्यंत हलत नसे. तिच्यामागे गाडीच्या दोन दांड्यांमध्ये काका होते. गाडीमागून काकू ढकलत होत्या, आणि घोडी चढावर जरा जास्तच झपाट्याने चालते असं काकांनी दोनदा सांगून पाहिलं होतं.

चौकात कारकून उभे होते, हातात जाडजूड फायल घेऊन. त्या दिवसापासून त्यांना रस्त्यावरच्या तपासणीवर नेमलं होतं. त्यांनी हात वर केला. घोडी थांबली, म्हणून काका थांबले.

"गाडी कोण ओढतं?"

"हे," काकू म्हणाल्या.

कारकुनांनी काकांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि नवा फॉर्म काढला. "वय?"

"एकसष्ट," काकू म्हणाल्या.

"रंग?"

"गव्हाळ."

"स्वभाव?"

"चांगला आहे."

"अहो," काका धापा टाकत म्हणाले, "मी माणूस आहे."

"तो रकाना यात नाही," कारकून म्हणाले. "मालकीचा पुरावा?"

काकूंनी खांद्याची पिशवी उघडली. त्यात दुसरी पिशवी होती, तिच्यात तिसरी, आणि तिच्यात एक पिवळा पडलेला कागद, चार घड्या घातलेला. त्यांनी तो उलगडून पुढे धरला, पण हातातून सोडला नाही.

"लग्नाचा दाखला. मूळ प्रत आहे. लांबूनच वाचा."

कारकुनांनी मान तिरकी करून तो वरपासून खालपर्यंत वाचला, तारीख बघितली, शिक्का बघितला आणि समाधानाने फॉर्मवर खूण केली. काका दांड्यांमधून मान वळवून बघायचा प्रयत्न करत होते.

"अगं, त्यात मालक म्हणून कुणाचं नाव आहे?"

"गाडी उचला," काकू म्हणाल्या. "पाव गार होतायत."